आधी गाडीखाली जा, रंगाचं नंतर बघू

वाचकाचं पत्र:

नमस्कार काका. मी २९ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. कोल्हापुरात राहते, सासर राजारामपुरीत, माहेर उत्तरेश्वर पेठेत. माहेरच्या शेडमध्ये बाबांची १९८५ सालची मारुती उभी आहे, पहिल्या चौकोनी मॉडेलची, एसएस८०. २०१९ च्या महापुरात सीटच्या वर पाणी चढलं. आम्ही चिखल काढला, दारं उघडी ठेवून वाळवली, पण त्यानंतर ती चालूच झाली नाही. २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं. बाबा दीड वर्षापूर्वी गेले. आई म्हणते भंगारात दे, जागा तरी मोकळी होईल. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो तुझं तू बघ. त्याने मागच्या दिवाळीत बॅटरी लावून स्टार्टर मारून पाहिला, तर नुसता 'टक' असा आवाज आला. गल्लीतला पेंटर म्हणतो, आठ दिवसांत पत्रा मारून, लांबी (पुटी) भरून, कलर करून नवी करून देतो. मला मात्र ती स्वतःच्या हाताने उभी करायची आहे. अनुभव शून्य. गॅरेजमध्ये गेले की मेस्त्री माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या नवऱ्याशी बोलतात. सुरुवात कुठून करू? आणि ही गाडी खरंच जपानी म्हणायची का? भाऊ म्हणतो, ती मारुती आहे, उगाच क्लासिक म्हणू नको.

उत्तर:

त्या पेंटरला 'आत्ता नको' म्हणून सांग. माणूस वाईट आहे असं नाही, लोक त्याच्याकडे जे मागतात तेच तो देतो. पण गंज वरून झाकून जात नाही. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं, पत्रा फुगतो, त्याला पदर सुटतात आणि त्या पदरांत पाणी धरून राहतं. त्यावर नवा पत्रा मारून लांबी भरली की ते पाणी आत कोंडलं जातं. शिवाय लांबी स्वतःही ओल शोषून घेते. पहिला पावसाळा निभावतो. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात, आणि तोवर आतला पत्रा गेलेला असतो. पैसे गेले ते गेले, वर गाडीही गेली.

भावाला सांग, गाडी जपानीच आहे. सुझुकीने १९७९ मध्ये जपानमध्ये अल्टो आणली, ४ लाख ७० हजार येन किमतीला. तिचं आणि तिच्या जोडीच्या फ्रॉन्टेचं घराणं म्हणजे तुझी एसएस८०. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, किंमत ४७,५०० रुपये. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून पेट्यांत भरून यायचे आणि गुडगावला जोडले जायचे. हळूहळू इथले भाग वाढत गेले. १९८६ मध्ये नवा, गोलसर आकार आला आणि तुझ्या बाबांच्या गाडीचा साचा बंद झाला. म्हणजे हे मॉडेल जेमतेम तीन वर्षं निघालं. त्यातल्या किती गाड्या लोकांनी भंगारात घातल्या असतील याचा विचार केला की मला तुझ्या शेडमधल्या गाडीबद्दल फार आस्था वाटते.

हे जपानीपण नुसतं मिरवायचं नाही, पाना हातात घेतल्यावर ते रोज भेटतं. नटबोल्ट बहुतेक १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांना लागतील, तेवढेच पाने आधी चांगल्या प्रतीचे घे. दुसरं म्हणजे फुलीचे स्क्रू. ते आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरसारखे दिसतात, पण जपानी फुलीचा घाट वेगळा असतो. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. काही स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी एक बारीक टिंब दिसेल, ती या जपानी घाटाची खूण. त्याला 'जेआयएस' टोकाचा स्क्रूड्रायव्हर मिळतो, तो मागवून घे. चाळीस वर्षं न हललेल्या स्क्रूचं डोकं एकदा गेलं की ड्रिल मारत बसावं लागतं, आणि नव्या माणसाची हौस फिटते ती इथेच.

आता मुख्य गोष्ट. जीपला खाली जाड चौकट असते, बॉडी वर बोल्टने बसवलेली असते. तुझ्या गाडीला तशी चौकट नाही. पत्र्याचे पातळ तुकडे घड्या घालून, पेटीसारखे बंद करून, एकमेकांना टाके मारून जी खोकी झाली तीच गाडी. फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या लांब पेट्या, पुढचे शॉकअप जिथे वर टेकतात ते मनोरे, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे लटकतात त्या जागा, हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. म्हणून या गाडीत बॉनेटवरचा गंज हा दिसण्याचा प्रश्न आहे आणि दाराखालच्या पेटीचा गंज हा जिवाचा प्रश्न आहे. नवखी माणसं नेमकं उलटं करतात: जे डोळ्यांसमोर आहे त्यावर पैसा घालतात. माझं सगळं सांगणं एवढंच आहे की पहिल्या वर्षी तुझा एकही रुपया गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नकोस, इंजिन सोडून.

दाराखालच्या त्या पेटीला गॅरेजात कुणी सिल म्हणतं, कुणी रनिंग बोर्ड. तुझ्या बाबतीत खरी भीती तिचीच आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्या पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ तुम्ही सीटवरून, फ्लोअरवरून धुऊन काढलात, पण सिलच्या पोटात गेलेला गाळ तिथेच बसला असणार. सिलला खालून पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. गाळाने ती बुजतात. मग आतला गाळ उन्हाळ्यातही पूर्ण वाळत नाही, ओलसर राहतो आणि पत्रा आतून खात राहतो. बाहेरून रंग मात्र शाबूत. दारांच्या तळाशीही अशीच भोकं असतात, तिथेही हेच झालेलं असेल.

तेव्हा काम सुरू करण्याआधी एक अख्खा रविवार फक्त तपासणीला दे. एक हातोडी, एक टोच्या, एक टॉर्च आणि पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, एवढं पुरे. चुंबक बाहेरच्या पत्र्यावरून फिरव. जिथे ते धरत नाही तिथे खाली जाड लांबी आहे, म्हणजे पूर्वी कधीतरी कुणीतरी झाकपाक केलेली आहे. मग आतलं मॅटिंग आणि त्याखालचं नमद्यासारखं अस्तर पूर्ण उपटून काढ. ते पुन्हा वापरायचं नाही, पुराचं पाणी प्यायलेलं अस्तर म्हणजे गंजाला कायमचा ओलावा. फ्लोअरवर, विशेषतः ड्रायव्हरची टाच टेकते तिथे, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला पत्रा भद्द वाजतो. भद्द वाजलं तिथे टोच्या दाब. आत गेला तर खडूने गोल कर. पुढे बॅटरीचा ट्रे आणि त्याखालचा भाग बघ, तिथे ॲसिड सांडून पत्रा खातं. शॉकअपचे मनोरे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, स्टेपनीची जागा, मागचे पाटे टांगलेली ठिकाणं, जॅक लावायच्या जागा आणि सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो त्याच्या भोवतालचा पत्रा, हे सगळं बघ. प्रत्येक गोलाचा फोटो काढ.

त्यानंतर निर्णय. फ्लोअरला भोकं, दारांचे तळ गेलेले, अगदी एक सिल गेलेलं असेल तरी पुढे जा, हे सगळं दुरुस्त होतं. पण दोन्ही सिलं, दोन्ही मनोरे आणि मागच्या पाट्यांच्या जागा असं सगळंच एकदम हाताला येत असेल तर पहिलीच गाडी म्हणून ती घेऊ नकोस. मन घट्ट करून हे लिहितोय. अशा वेळी लोक सल्ला देतात की दुसऱ्या गाडीची बॉडी आणून आपला चेसिस नंबर तिच्यावर चढव. तो गुन्हा आहे, त्या वाटेला जायचंच नाही. चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे तो पत्रा कापायचा नाही, घासायचा नाही, त्यावर लांबीही फिरवायची नाही. हे मेस्त्रीला पहिल्या दिवशी बोट ठेवून दाखव.

पाना फिरवण्याआधी कागद. गाडी अजून बाबांच्या नावावर असणार. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, त्यासोबत मूळ आरसी, मृत्यूचा दाखला आणि आई-भावाची संमती लागेल. भाऊ आज 'तुझं तू बघ' म्हणतोय, तर आजच त्याची सही घे. गाडी चकचकीत झाल्यावर सही मागणं वेगळं पडतं, हे मी भल्या घरांत पाहिलं आहे. १९८५ च्या गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढते, म्हणजे बाबांनी २०१५ ला वाढवली असेल तर ती २०२० ला संपली. उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, पर्यावरण करही आहे, आणि जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी अलीकडे बरीच वाढली आहे. आरटीओत जाऊन नाव आधी की नूतनीकरण आधी, आणि आजच्या घडीला एकूण रक्कम किती, हे लेखी घेऊन ये. जुना तीन अक्षरी नंबर ऑनलाइन नोंदीत चढलाय का तेही विचार. कुणी म्हणेल, व्हिंटेजमध्ये नोंद, सगळं सुटेल. २०२१ च्या केंद्रीय नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी. तुझी २०३५ ला तिथे पोचेल. रंगही आरसीवर आहे तोच ठेव, बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते.

मग जागा. गाडी उत्तरेश्वरमधून हलव. तुझं सगळं काम एका जुलैत वाहून जाऊ शकतं अशा ठिकाणी काम करण्यात अर्थ नाही. राजारामपुरीत किंवा कुणा नातेवाइकाकडे उंचावर, वरून पक्कं छप्पर आणि खाली फरशी किंवा कोबा असलेली जागा शोध. मातीवर उभी केलेली गाडी खालून ओल घेते. ताडपत्रीने गच्च गुंडाळणं तर त्याहून वाईट, आत वाफ धरते. आणि हे हलवणं मेच्या आत. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की दुपारी घासून पांढरा केलेला पत्रा दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतो. पत्र्याचं काम दिवाळी ते मे, प्रायमर आणि रंग फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, आणि पावसाळ्यात कार्बोरेटर, वायरिंग, सीटचं कव्हर अशी टेबलावरची कामं. हे वेळापत्रक पाळलंस तर निम्मी लढाई जिंकलीस.

इंजिनाबद्दल भावाला प्रेमाने पण ठामपणे सांग, पुन्हा स्टार्टर मारू नकोस. 'टक' आवाज म्हणजे कदाचित बॅटरी कमी असेल, पण पुरात बुडालेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला गंजून धरलेले असू शकतात, किंवा आत पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ऑइल सोडून बघ. चहासारखा दुधट रंग असेल तर पाणी गेलेलं आहे. तिन्ही स्पार्क प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोड आणि तसंच मुरू दे. घाई नको. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने, हळू, फिरतंय का बघ. थोडं हललं तरी आनंद मान, मागे-पुढे करत मोकळं कर. नाही हललं तर हेड उघडावं लागेल आणि तिथे जाणता मेस्त्री घे.

इथे तुझ्या बाजूची एक मोठी गोष्ट आहे. तुझ्या गाडीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ज्याला कंपनी एफ८बी म्हणते, तेच थोड्याफार फरकाने पुढच्या मारुती ८०० मध्ये आलं आणि ऑम्नीतही. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. म्हणजे गॅसकेट, रिंगा, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट यासाठी रडावं लागणार नाही, बरंचसं जुळतं. जुना भाग हातात घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवून घे. टायमिंग बेल्ट मात्र इंजिन चालू करण्याआधी बदलायचाच, जुना कितीही चांगला दिसो. दुर्मीळ आहे ते बाहेरचं: दिवे, काचा, काचांची रबरं, बंपर, डॅशबोर्डचे तुकडे. म्हणून ते काढताना जीव लावून काढ, तुटलेलंही फेकू नकोस. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि काढण्याआधी फोटो. पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरव, आतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असेल. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे घाल, इथेनॉल चालणारे बघून. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसाचंही त्यात असतं याचा मला आनंद आहे, पण १९८५ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही.

ब्रेकमध्ये काटकसर करायची नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरची रबरं, होज पाइप, गंजलेले लोखंडी पाइप, सगळं नवं.

आता पत्रा. हे काम तू स्वतः किती करायचं? माझं मत: घासणं, साफ करणं, साचे काढणं, प्रायमर, आतलं मेण हे तू कर. कापणं तू शिकून कर. सांगाड्याचं वेल्डिंग मात्र ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडून, तुझ्यासमोर करून घे. कोल्हापूरला वेल्डरचा तोटा नाही, पण वेल्डर निवडताना बघ की तो कशावर काम करतो. उसाच्या ट्रॉलीला टाके मारणारा हात जाड लोखंडाचा असतो. तुझ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर आहे, त्यावर रॉडचं वेल्डिंग केलं की भोकं पडतात. सीओटू वेल्डिंग (बारीक तार आणि गॅसवर चालणारं) हवं, ०.८ ची तार, आणि एका रेषेत सलग न ओढता एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, असं थंड होऊ देत. सलग ओढलं तर पत्रा तापून लाटा येतात. नवा पत्रा २० गेजचा सीआरसी (थंड लाटलेला साधा पत्रा) आण, साधारण ०.९ मिलिमीटर. जीआय पत्रा गंजत नाही म्हणून कुणी सुचवेल, पण त्यावरचं जस्त जळताना जो धूर निघतो तो छातीत जातो आणि टाकाही धड धरत नाही.

सिल कापताना एक गोष्ट जिवापाड जप. सिल हाच गाडीचा कणा आहे. तो कापला आणि गाडी दोन टोकांना टेकलेली असली की मधून खचते, आणि मग तसंच नवं सिल बसवलं की दार आयुष्यभर लागत नाही. म्हणून कापण्याआधी दार बंद करून दाराभोवतीची फट चारही बाजूंनी मोजून लिहून ठेव. मग दार काढून त्या चौकटीत आडवा-तिरका लोखंडी पाइप तात्पुरता टाके मारून ठोकायचा, खालून बॉडीला आधार द्यायचा, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. ती पूर्ण शिवून झाली, दार लावून फट जुळली, की दुसरी. जो मेस्त्री 'काही होत नाही, दोन्ही एकदम कापू' म्हणेल त्याच्याकडून गाडी उचलून आण.

नव्या सिलचा पत्रा तयार मिळण्याची आशा धरू नकोस. पुठ्ठ्याचा साचा काप, जुन्या सिलवर दाबून घड्या जुळव आणि तो घेऊन शिवाजी उद्यमनगरात जा. तिथे प्रेसवर पत्रा मुडपून देणारे आहेत, आणि मापाचा साचा हातात असेल तर काम पटकन होतं. म्हादबा मेस्त्रींसारख्या नामवंत कारागिराच्या गावात पत्र्याची एक घडी मिळणार नाही असं होत नाही.

मेस्त्री तुझ्याशी बोलत नाहीत हा प्रश्नही मला इथेच सुटताना दिसतो. 'गाडी बघा जरा' म्हणून गेलं की समोरचा आपल्या सवयीने पुरुषाकडे वळतो. हे चुकीचंच आहे, पण त्याला शिकवत बसण्यात तुझा रविवार घालवू नकोस. एकटी जा, नवऱ्याला घरी ठेव. हातात साचा, वहीत माप, मोबाइलमध्ये खडूच्या गोलांचे फोटो, आणि एकच स्पष्ट काम: डाव्या सिलला ही घडी, २० गेज, लांबी एवढी, कधी मिळेल, किती घ्याल. काम नेमकं असलं की बोलणं कामाशी होतं. दुपारी जेवणानंतर जा, सकाळी घाई असते. पैसे कामाच्या तुकड्याप्रमाणे ठरव, अख्ख्या गाडीचा उक्ता आकडा कुणालाच देऊ नकोस. आणि 'मी बाजूला उभी राहून बघणार' हे आधीच सांग. ज्याला ते चालत नाही तो आपला मेस्त्री नाही. एखादा चांगला भेटला की पुढच्या वेळी तो स्वतः विचारेल, ताई, दुसरी बाजू कधी आणताय?

गंज काढताना वायर ब्रश आणि ग्राइंडर. रस्ट कन्व्हर्टर नावाचं जे द्रव मिळतं ते पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर चांगलं काम करतं, जागा काळी पडते. पदर सुटलेल्या गंजावर त्याचा उपयोग नाही, तो पत्रा कापायलाच हवा. आणि प्रायमर नीट समजून घे, कारण इथे मी लोकांचे कष्ट पाण्यात जाताना बघतो. करडा साधा प्रायमर मारून गाडी पावसाळाभर ठेवतात, प्रायमर मारलाय म्हणजे सुरक्षित आहे असं धरून. तो प्रायमर ओल पितो. घासण्यासाठी आणि रंगाला धरून ठेवण्यासाठी तो असतो, पाणी अडवणं त्याचं काम नव्हे. पत्रा स्वच्छ झाला की त्याच दिवशी दोन भाग मिसळून मारायचा इपॉक्सी प्रायमर मार. तो खरोखर पाणी अडवतो. लांबी लावायचीच असेल तर त्याच्यावर, आणि पातळ. सांध्यांना सीलंट. मग सिल आणि दारांच्या पोटात, भोकांतून नळी घालून, पोकळीत मारायचं मेण फवार. खालची भोकं मात्र काडीने मोकळी ठेव. खालून जाड डांबरी अंडरकोटिंग गंजावर थापणं म्हणजे पुन्हा त्या पेंटरकडेच जाणं झालं.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, चारही बाजूंना घोडी (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय नाही, आणि घोडी लावायची ती जागा गंजलेली नाही हे टोच्याने बघून. ग्राइंडर चालवताना चश्मा, मास्क, केस बांधलेले, ओढणी नाही, हातात सैल काही नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणून ब्रेक ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. वेल्डिंगच्या दिवशी बॅटरीची वायर काढलेली, पेट्रोलची टाकी गाडीपासून लांब, वाळूची बादली आणि अग्निशामक जवळ. रिकाम्या टाकीला टाका मारायला कुणालाही देऊ नकोस, रिकाम्या टाकीतल्या वाफेचाच भडका उडतो.

अजून एक. गाडी एकदम संपूर्ण खोलू नकोस. व्हिडिओत रिकामी बॉडी टांगलेली बघायला छान वाटते, पण नोकरी सांभाळून रविवारी काम करणाऱ्याची खोललेली गाडी पिशव्यांतच राहते आणि शेवटी पिशव्यांसकट विकली जाते. एक काम उघड, ते मिटव, मग दुसरं. गाडी नेहमी ढकलता येईल, वळवता येईल अशी चाकांवर ठेव, पूर आला तरी आणि आईने जागा मागितली तरी. दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक डोळ्यांपुढे ठेवून कामाला लागू नकोस. तिच्यामागे राजवाडा आहे. तुला बाबांची मारुती हवी आहे, जी आधी रंकाळ्याला एक चक्कर मारून येईल, मग ब्रेक आणि रेडिएटरची खात्री पटल्यावर जोतिबाचा घाट चढेल.

आईचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. ती गाडीवर चिडलेली नाही. दोन पुरांत तिने शेडमधला चिखल काढला आहे, आणि तिथे उभी असलेली बंद गाडी तिला रोज दिसते. गाडी तिथून हलली की तिचा निम्मा विरोध मावळेल असं मला वाटतं. आणि तपासणीत गाडी खरंच गेलेली निघाली, तर साध्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रावर देऊन आरसी रद्द झाल्याचा कागद घ्या, नाहीतर तो नंबर उद्या कुठल्या भानगडीत निघाला तर दारात तुम्हालाच उभं राहावं लागेल.

या महिन्यात एवढंच कर: भावाची सही, आरटीओची फेरी, नवी जागा, आणि तो टोच्या-चुंबकाचा रविवार. डाव्या आणि उजव्या सिलचे फोटो मला पाठव, खडूचे गोल दिसतील असे. ते बघून कुठली बाजू आधी कापायची ते सांगतो.